न सोडलेली चांदी

एका राज्यात चांदीला आठवण होती. सोनं विसराळू, तांबं वेंधळं, लोखंडाला तर कालचंही आठवत नसे. पण चांदी ज्याच्या अंगावर राही, त्याला ती विसरत नसे. म्हणून त्या राज्यातल्या कारागिरांची एक रीत होती. कुणी जुना, मोडका दागिना वितळायला आणला, म्हणजे ‘मोड’ आणली, की कारागीर आधी विचारी, “ही चांदी कुणाची? त्याने ती सोडली का?” ज्याची चांदी, त्याने आपलं नाव घेऊन आपल्या तोंडाने ‘सोडली’ म्हणायचं. तो हयात नसला तर त्याच्या सर्वांत जवळच्या माणसाने म्हणायचं. मगच मोड मुशीत पडे.

याच राज्यात वेणू नावाची एक तरुण कारागीर होती. राजवाड्याला लागून दागिन्यांचा मोठा कारखाना होता, पण वेणू तिथं कामाला गेली नाही. कारखान्यात एक जण जन्मभर तार ओढी, दुसरा जन्मभर खडे बसवी, तिसरा जन्मभर उजाळा देई. आपल्या तारेचं पुढे काय होतं, हे तार ओढणाऱ्याला ठाऊकही नसे. “याला दागिना म्हणायचं?” वेणू तणतणे. “बाळाला एकाने न्हाऊ घालावं, दुसऱ्याने जेवू घालावं, आणि आई कोण ते कुणालाच माहीत नसावं, तशातली गत!”

ती नदीकाठच्या झोपडीत एकटी काम करी. नदीतले अकीक, गारगोट्या आणि चंद्रकांत मणी ती स्वतः वेची, स्वतः घासून त्यांना पैलू पाडी. चांदी वितळवणं, ठोकणं, तार ओढणं, कोंदण करणं, सगळं तिचं. शेवटी रिठ्याच्या पाण्यातून काढून दागिना उन्हात धरी आणि स्वतःच म्हणे, “वा!” दुसरं म्हणायला तिथं कुणी नसे. एक म्हातारी साळुंकी छपरावर राही आणि माणसासारखं बोले, पण ती कौतुक करणाऱ्यांतली नव्हती.

वेणूत खोड एकच. तिला धीर नव्हता. भाकरी फुगायच्या आत ती तव्यावरून उचलून खाई आणि मग भाकरीवरच चिडे.

राजकन्या कुमुद ही तिची लहानपणची मैत्रीण. दोघी एकाच गुरूंपाशी शिकल्या होत्या आणि एकाच झाडावरून पडल्या होत्या. म्हातारा राजा निवर्तला, गादीवर कुमुद बसणार असं ठरलं, तेव्हा ती मेणा न घेता चालत वेणूच्या झोपडीत आली.

“वेणू, राज्याभिषेकाला मी तुझा हार घालणार.”

“कारखान्यातले चिडतील.”

“चिडू देत. त्यांचे हार मला टोचतात.”

“राज्याभिषेक कधी आहे?”

“पौर्णिमेला.”

“आणि तू आत्ता सांगतेस? बसलीस काय अशी? मान वर कर, माप घेते!”

“बस म्हणून तू सांगितलंसच कुठं?” कुमुद हसून म्हणाली आणि तिने मान वर केली.

पण बाजारात चांदी नव्हती. कारखान्याने सगळी उचलून नेली होती. वेणू राजवाड्याच्या खजिनदाराकडे गेली. त्याने तळघरातून एक काळं पडलेलं गाठोडं काढलं. आत एक जाडजूड पैंजण, एक लहान बाळाचा वाळा आणि एक जोडवं होतं.

“कुणाचं ते ठाऊक नाही,” खजिनदार म्हणाला. “तुमच्या रीतीप्रमाणे शोध घ्यावा लागेल.”

“शोध घेत बसले तर पौर्णिमा उलटून जाईल. चांदी ती चांदी!”

ती घरी आली, तशी छपरावरून साळुंकी म्हणाली, “नाव विचार, पोरी.”

“तू आपले किडे वेच,” वेणू म्हणाली आणि तिने तिन्ही दागिने एकाच मुशीत टाकले.

हार झाला तो असा झाला की नदीने वळून पाहिलं. केसाएवढ्या तारेची वेल, वेलीच्या पानापानात चंद्रकांत मणी, आणि मधोमध मधाच्या रंगाचा एक अकीक. वेणूने तो उन्हात धरला. ‘वा’ म्हणायचंही ती विसरली.

राज्याभिषेकाच्या सकाळी तिने स्वतःच्या हाताने तो कुमुदच्या गळ्यात घातला आणि मागचा फासा अडकवला. कुमुदने आरशात पाहिलं. मग तिने आपल्या हातांकडे पाहिलं.

“वेणू,” ती म्हणाली, “माझी बोटं गार पडली गं.”

बोटं चांदीची झाली होती. नखांसकट, रेषांसकट. एकमेकांवर आपटली की ती वाजत.

वेणूने फासा ओढला. फासा नव्हताच, तिथं सलग चांदी होती. कारखान्यातून कातऱ्या आल्या, त्या तुटल्या. कानशी आल्या, त्या गुळगुळीत झाल्या. पुरोहितांनी मंत्र म्हटले, तेवढ्या वेळात चांदी मनगटापर्यंत चढली.

साळुंकी खिडकीत येऊन बसली. “या मुलीच्या खापरपणजोबाने ती चांदी तिघांकडून ओरबाडून आणली होती,” ती म्हणाली. “तिघांनी मिळून शाप दिला, ‘आमची न सोडलेली चांदी आमच्याशिवाय जो कुणी अंगावर घालील, तो चांदीचा होईल.’ म्हणून ती तळघरात होती.”

“मग हे आधी का नाही सांगितलंस?”

“सांगत होते. तू मला किडे वेचायला पाठवलंस.”

वेणूने हातातली तुटकी कातर खाली टाकली. “माझ्या घाईने झालं हे, कुमुद.”

“हो, तुझ्याच घाईने,” कुमुद म्हणाली. तिने चांदीच्या बोटांनी वेणूची वेणी ओढली, लहानपणी ओढायची तशी. “आता जा. लवकर ये, असं मी तुला सांगणार नाही. ते तुला कधी सांगावं लागलेलं नाही.”

“चांदी काळजाला पोचली की संपलं,” साळुंकी म्हणाली. “ती आधी हात खाईल, मग पाय, मग चेहरा. काळजाला सगळ्यांत शेवटी हात घालील. तिघांना शोधायचं. तिघांनी आपल्या तोंडाने ‘सोडली’ म्हणायला हवं.”

वेणूने आपली हत्यारं झोळीत भरली, हारातून उरलेला चांदीचा तुकडा घेतला, वाट दाखवायला साळुंकीला खांद्यावर बसवलं आणि ती निघाली.

पहिला मुक्काम काळ्या डोहावर. त्या डोहात एक आसरा राहत होती. पाण्यातल्या या देवता नाचल्या की पाऊस वेळेवर येतो, हे सर्वांना माहीत आहे. ही मात्र कित्येक वर्षं नाचली नव्हती. डोहाभोवतीची जमीन भेगाळली होती.

“पैंजण माझं,” आसरा पाण्यातून वर येऊन म्हणाली. “माणसांच्या राजाने पायातून उतरवून नेलं. मला दुसरं दे. पण ते पाण्याखाली वाजलं पाहिजे.”

“पहिलं वाजत होतं?”

“नाही. म्हणून तर मला त्याचा आवाज ऐकायला काठावर यावं लागलं, आणि राजाने मला पकडलं.”

वेणूने उरलेल्या चांदीतून घुंगरं केली. पाण्यात सोडली, तर ती मुकी. घुंगराच्या चिरेतून पाणी आत शिरे आणि आतला खडा बुडून बसे. वेणू चिडली, घुंगरं भिरकावणार होती, पण मग तिने एक घुंगरू कानाशी धरून हलवलं आणि ती हसली. तिने नवी घुंगरं केली, पोकळ, आणि त्यांना चीर पाडलीच नाही. आत वाळूचा खडा टाकून तोंड डाख देऊन बंद केलं. पाण्याला आत जायला वाट राहिली नाही.

आसरेने ते पैंजण पायात घातलं आणि डोहाच्या तळाशी जाऊन पाऊल आपटलं. वर काठावर वेणूच्या तळपायांना तो आवाज समजला.

“माझं नाव निळाई,” आसरा म्हणाली. “निळाईने जुनी चांदी सोडली.”

साळुंकी राजवाड्याकडे उडून गेली आणि परत आली. “खांद्यापर्यंत,” ती म्हणाली. “पण मजेत आहे. प्रधानाला टपली मारली तिने, तो अजून कान चोळतोय.”

दुसरा मुक्काम धुराच्या डोंगरावर. तिथं एक राक्षस राहत होता. त्याचं मनगट वडाच्या खोडाएवढं होतं आणि तो गुहेच्या दाराशी पालेभाजी निवडत बसला होता.

“वाळा माझा,” राक्षस म्हणाला. “मी तान्हा होतो तेव्हा आईने घातला होता. तो मला पुन्हा घाल.”

“आता? या मनगटात?”

“याच मनगटात. आणि वाळ्यात जेवढी चांदी होती तेवढ्याच चांदीत. जास्त घातलीस तर तो माझा वाळा नव्हे.”

वेणूने वाळ्यापुरती चांदी घेऊन तिची तार केली आणि झोळीतून जंत्री काढली. जंत्री म्हणजे भोकं पाडलेली पोलादी पट्टी. प्रत्येक भोक आधीच्या भोकाहून बारीक. तार एकेका भोकातून ओढत न्यायची, की ती बारीक होते आणि लांबते. वेणूने आपल्या ताकदीनुसार ओढली. पुढे तिचे हात चालेनात.

“मी ओढू?” राक्षसाने विचारलं.

“ओढा. पण हळू. झटका दिलात तर तुटेल.”

“मला हळू येत नाही.”

“मलाही येत नाही,” वेणू म्हणाली. “दोघं मिळून शिकू.”

राक्षसाने श्वास रोखला आणि तार ओढली. तुटली. पुन्हा जोडली, पुन्हा ओढली. अखेरीस ती कोळ्याच्या धाग्यासारखी झाली आणि वेणूने ती राक्षसाच्या मनगटाभोवती वेढून वेणीसारखी गुंफली. वाळा दिसेना. फक्त ऊन पडलं की मनगटावरून उजेडाची एक रेघ फिरे.

राक्षस बराच वेळ हात उन्हात धरून बसला.

“तुमचं नाव?” वेणूने विचारलं.

“विक्राळ.”

“चांदीला ते नाव माहीत नसणार. आई काय म्हणायची?”

राक्षसाने इकडेतिकडे पाहिलं. साळुंकीकडे बघून तो म्हणाला, “ती हसणार नाही ना?”

“ती हसेल,” वेणू म्हणाली. “तरी सांगा.”

“छबड्या,” राक्षस पुटपुटला. “छबड्याने जुनी चांदी सोडली.”

साळुंकी हसली, आणि हसून झाल्यावर उडाली. या वेळी तिला परतायला वेळ लागला. “पाय गेले,” ती म्हणाली. “कंबरही गेली. आता बसता येत नाही तिला, उभी आहे. तुझी वाट पाहते, असं मात्र म्हणाली नाही. म्हणाली, वेणूला सांग, जेवत जा.”

वेणूने डोळे पुसले आणि वाट धरली.

तिसरा मुक्काम उलट्या विहिरीत. ही विहीर जमिनीतून वर मनोऱ्यासारखी उभी होती. पाणी वरच्या तोंडाशी डुचमळे आणि एक थेंब खाली सांडत नसे. पाण्याखालच्या कोरड्या खोल्यांत एक म्हातारा मांत्रिक राहत होता. त्याने चुटकी वाजवली की खुर्ची येई, पानाचा विडा येई, मोर येई. दिवस मावळला की सगळं विरून जाई.

“जोडवं माझ्या बायकोचं,” मांत्रिक म्हणाला. “ती गेली. तू तसंच्या तसं जोडवं आण, मग मी सोडली म्हणेन.”

“ते कसं होतं?”

“तू कारागीर आहेस. तुला कळायला हवं.”

वेणूने शेगडी पेटवली आणि एक जोडवं घडवलं. मांत्रिकाने ते पाहून खाली ठेवलं. “हे तिचं नाही.” तिने दुसरं घडवलं, माशाच्या आकाराचं, डोळ्यांच्या जागी अकीकाचे कण बसवून. तो म्हणाला, “तिचं एवढं सुंदर नव्हतं.”

“मग कसं होतं ते सांगा ना!” वेणू ओरडली. “तिकडे माझी मैत्रीण चांदीची होते आहे, आणि तुम्ही मला कोडी घालता!”

आजवर मांत्रिकावर कुणी ओरडलं नव्हतं. तो गोंधळला आणि खरं बोलला.

“वाकडं होतं,” तो म्हणाला. “मीच केलं होतं. मंत्र शिकायच्या आधी. तिला इतकं आवडलं की शेजारणींना दाखवत फिरली. मी कितीदा चुटकीने आणायला पाहिलं. येतं ते सरळ येतं.”

वेणूने हातातला हातोडा खाली ठेवला, मग उचलला आणि त्याच्यापुढे धरला.

“मग मला येणार नाही ते. तुम्ही करा.”

“मला आता काही येत नाही.”

“तेव्हा तरी कुठं येत होतं?”

मांत्रिकाने चुटकी वाजवण्यासाठी उचललेला हात खाली घेतला आणि हातोडा घेतला.

पहिल्या घावाला त्याने बोट चेचून घेतलं. दुसऱ्यांदा चिमटा उलटा धरला आणि हात भाजला. चांदी ठोकत गेलं की ती कडक होत जाते; अधूनमधून विस्तवात तापवून तिला नरम करावं लागतं. म्हाताऱ्याने ते केलं नाही, आणि पट्टी चिरली. पुन्हा वितळवा, पुन्हा ओता, पुन्हा ठोका.

साळुंकी आली. “गळ्यापर्यंत,” ती म्हणाली. या वेळी तिने थट्टा केली नाही.

वेणूचे हात शिवशिवू लागले. हे काम तिचं दोन घटकांचं होतं. म्हातारा हातोडा असा धरत होता, जशी आमटी ढवळायला कुणी पळी धरावी. एकदा तिचा हात पुढे गेलाही. म्हाताऱ्याने मान वर केली नाही. तो ओठ आवळून त्या बारक्या पट्टीवर वाकला होता, आणि त्याचा चेहरा विशीतल्या मुलासारखा झाला होता. वेणूने आपले हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबले आणि त्यांच्यावर बसून राहिली. मनातल्या मनात ती कुमुदशी बोलत होती. थांब हं. थांब. मी थांबले आहे, तूही थांब.

“पुन्हा तापवू का?” मांत्रिकाने विचारलं.

वेणूने हात मांड्यांखालीच ठेवले. “तापवा,” ती म्हणाली. “सावकाश होऊ द्या. लाल होऊ देऊ नका, नुसती गुलाबी.”

त्याने सावकाश तापवलं. सावकाश वाकवलं. जोडवं झालं. ते वाकडं होतं, एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ. मांत्रिकाने ते तळहातावर घेतलं आणि त्याच्या गळ्यातून जो आवाज निघाला, तो मंत्र नव्हता.

“जाई,” तो म्हणाला. “तिचं नाव जाई. किती वर्षांनी घेतलं मी. जाईची चांदी तिच्या नवऱ्याने सोडली.”

मग त्याने भाजलेल्या हाताने, फुंकर घालत घालत, एक चुटकी वाजवली आणि धोतराची घालावी तशी वाटेची घडी घातली. विहिरीच्या दारातून वेणूने पाऊल बाहेर टाकलं, ते राजवाड्यात पडलं.

कुमुद सिंहासनाशेजारी उभी होती. केस चांदीचे, ओठ चांदीचे, पापण्या चांदीच्या. वेणूने तिच्या छातीवर कान ठेवला. आत, खूप लांब कुणी लाटणं आपटावं, तसं काळीज वाजत होतं. मध्येच थांबे, पुन्हा वाजे.

वेणूने दोन्ही तळवे हारावर ठेवले. घाई करावीशी वाटत होती, तिने ती केली नाही. एकेक नाव नीट, पूर्ण उच्चारलं.

“निळाईने सोडली. छबड्याने सोडली. जाईच्या नवऱ्याने सोडली. आता तूही सोड.”

हार हुंकारला. सलग चांदीत फाशाची फट दिसली आणि फासा आपणहून निसटला. कुमुदच्या कपाळावरची चांदी ओघळली, गालांवरून, गळ्यावरून, दंडांवरून खाली आली आणि बोटांच्या टोकांतून ठिबकत फरशीवर साचली. कुमुदने पापण्या मिटल्या, उघडल्या आणि दोन्ही हातांनी आधी नाक खाजवलं.

“कधीपासून खाजत होतं गं,” ती म्हणाली. “आणि हे सगळे माझ्यापुढे उभे राहून स्तोत्रं म्हणतायत!”

वेणू हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करू लागली. कुमुदने तिला जवळ घेतलं. कुमुदचे हात ऊन ऊन होते.

तेवढ्यात प्रधान पुढे आले. “राजकन्ये, उद्या सकाळचा मुहूर्त आहे. कारखान्यातला हार तयार आहे.”

“मी वेणूचा घालणार,” कुमुद म्हणाली.

“नको,” वेणू म्हणाली. तिने हात पाठीमागे लपवले. “कुमुद, माझ्या हातचं पुन्हा नको. मला भीती वाटते.”

“मला तर फारच वाटते,” कुमुद म्हणाली आणि तिने पदर बाजूला करून मान पुढे केली. “माप घे.”

दुसऱ्या दिवशी मुहूर्त आला. सनईवाले आले, हत्ती आले, शेजारच्या राज्यांचे दूत आले. वेणू आली नाही. प्रधान घाईघाईने नदीकाठी गेले, तर झोपडीच्या उंबऱ्यावर राजकन्या कुमुद फुंकणीने विस्तव फुंकत बसली होती. तिच्या नाकाला काजळी लागली होती.

“मुहूर्त टळतो आहे!” प्रधान म्हणाले.

आतून वेणूने मान वर केली नाही. आता सोडलेल्या त्याच चांदीचा नवा हार करताना ती एका चंद्रकांत मण्याभोवती कोंदणाची कड दाबत होती, केसाएवढी, मग आणखी केसाएवढी.

“टळू द्या,” ती म्हणाली.

“पण वेणूताई, राज्य खोळंबलं आहे!”

“बसा ना,” वेणू म्हणाली. “कुमुद, त्यांना पाट दे. भाकरी आहे तव्यावर. फुगली की वाढ, त्याआधी नको.”

प्रधान पाटावर बसले. दूत नदीकाठच्या सावलीत बसले. हत्तींनी अंघोळी उरकल्या. आणि एका साध्याशा दुपारी, पंचांगात काहीही लिहिलेलं नसताना, कुमुद त्या राज्याची राणी झाली. हार तिच्या गळ्यात होता आणि तो ऊबदार होता.

त्या राज्यात पुढे पाऊस वेळेवर आला, राणीला आणि प्रजेला अन्न पुरलं आणि तेव्हापासून तिथले मुहूर्त कामाची वाट पाहू लागले. वेणू-कुमुदचे हात जसे त्यांच्या कामात रमले, तसे ऐकणाऱ्यांचे रमोत आणि सांगणारीचेही.